नाव डोळ्यांसमोर आहे, पण थंडरबर्डला सापडत नाही

प्रश्न थोडक्यात असा आहे. वकिलाचं कार्यालय, विंडोजवर थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम, त्याच्या ॲड्रेस बुकात हजाराच्या वर नावं. ‘कुऱ्हाडे’ शोधलं की यादी कोरी. पण माउसने खाली सरकत गेलं की कुऱ्हाडे तिथेच बसलेले दिसतात. ‘ॲड.’ शोधलं तर निम्मेच वकील येतात. नवीन मेल लिहिताना ‘टू’च्या चौकटीत काही नावं आपोआप सुचतात, काही कधीच सुचत नाहीत. मुख्य कार्यालयाने जोडून दिलेली डिरेक्टरी तर कायम रिकामी. प्रोग्रॅम दोनदा काढून पुन्हा टाकला, फरक शून्य. तिसऱ्यांदा टाकावा का?

नको. आधी तेच सांगतो, कारण यात लोकांचे दिवसच्या दिवस जातात. थंडरबर्ड काढून टाकलं तरी तुमचं प्रोफाइल, म्हणजे मेल, सेटिंग्ज आणि ॲड्रेस बुक ठेवलेलं फोल्डर, जागेवरच राहतं. नवा प्रोग्रॅम येतो आणि त्याच जुन्या फोल्डरला जाऊन चिकटतो. डेटात खोट असेल तर ती तशीच राहते. आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी, असला हा उपाय आहे. दुसरा तसलाच सल्ला म्हणजे ‘ग्लोबल मेसेजेस डीबी’ नावाची फाइल उडवा. ती फाइल मेलमधला मजकूर शोधण्यासाठी आहे. ॲड्रेस बुकाशी तिचा संबंध नाही. उडवल्याने नुकसान होत नाही, ती पुन्हा तयार होते, पण तुमचे कुऱ्हाडे काही त्यातून बाहेर येणार नाहीत.

तुमच्या तक्रारी चार आहेत, आणि माझ्या अंदाजाने त्यांचं कारण एक नाही. म्हणून एकेक सुटी करून बघू. सगळ्यात रंजक आहे ती पहिली.

एक छोटी चाचणी करा. ॲड्रेस बुकात खाली सरकत जाऊन कुऱ्हाड्यांचं कार्ड उघडा. त्यातलं आडनाव माउसने निवडून कॉपी करा आणि ते शोधाच्या चौकटीत पेस्ट करा. टाइप करायचं नाही, पेस्टच करायचं. आता नाव सापडलं ना? माझी पैज आहे की सापडेल. म्हणजे शोध चालू आहे, फाइलही धडधाकट आहे. कार्डातलं ‘कुऱ्हाडे’ आणि तुम्ही टाइप करता ते ‘कुऱ्हाडे’ हे दिसायला जुळे असले तरी संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत.

असं का होतं, ते मराठी माणसाने एकदा समजून घेण्यासारखं आहे, कारण हे दुखणं खास आपलं आहे. ‘कुऱ्हाडे’, ‘गोऱ्हे’, ‘बोऱ्हाडे’, ‘कऱ्हाड’ यांतला तो पापणीसारखा अर्धा र. हिंदीला त्याची गरज पडत नाही, आपलं त्याच्यावाचून अडतं. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात प्रत्येक अक्षराला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, तो दोन रीतींनी लिहिता येतो. एक रीत म्हणजे नुक्ता (खालचा टिंब) असलेला ‘ऱ’, मग हलन्त, मग ह. दुसरी म्हणजे साधा ‘र’, मग हलन्त, मग एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग ह. त्या अदृश्य चिन्हाचा क्रमांक २००डी. युनिकोडच्या दुसऱ्या आवृत्तीच्या काळातली ही रीत जुना मजकूर चालावा म्हणून अजून मान्य आहे. पडद्यावर दोन्ही रूपं अगदी सारखी उमटतात. फॉन्टलाही फरक करायचा नसतो. पण शोधणारा प्रोग्रॅम अक्षरांचं चित्र बघत नाही, त्यामागचे क्रमांक जुळवतो. तिथे एक चिन्ह जास्त निघालं की जुळणी संपली.

कुठलं रूप उमटेल हे तुमच्या कीबोर्डवर ठरतं. इनस्क्रिप्टवर ‘ऱ’ची स्वतंत्र कळ आहे. उच्चारानुसार लिहिण्याच्या निरनिराळ्या साधनांत ज्याची त्याची पद्धत. कार्यालयात पूर्वी एकाने एका साधनाने नावं भरली, आता दुसरा दुसऱ्या साधनाने शोधतोय, एवढ्यानेच हा घोळ होतो. त्यात कोणी जोडचिन्ह न टाकता नुसतं र, हलन्त, ह लिहिलं असेल तर रफार होऊन नाव वेगळंच दिसतं. ते निदान डोळ्यांना कळतं तरी.

‘ॲड.’चा गुंता याच जातीचा, फक्त एक पदर जास्त. हे अक्षर तीन तऱ्हांनी लिहिलेलं मी स्वतः एकाच यादीत पाहिलंय. पहिली तऱ्हा ‘ॲ’, म्हणजे मराठीसाठी स्वतंत्र क्रमांक मिळालेलं एकसंध अक्षर. ते युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत, २००८ साली आलं. दुसरी तऱ्हा ‘अ’ लिहून त्यावर वेगळा चंद्र चढवायचा, ‘अॅ’. तिसरी ‘ऍ’, म्हणजे ए वर चंद्र. पहिल्या दोन शेजारी ठेवल्या तरी भिंगातून बघून फरक कळणार नाही. २००८ च्या आधीच्या यादीत पहिलं रूप असणंच शक्य नाही, कारण ते तेव्हा नव्हतंच. आणि त्यानंतरही बरीच वर्षं सगळ्यांच्या कीबोर्डवर पोहोचलं नव्हतं. म्हणून तुमचे जुने वकील एका रूपात आणि नवे दुसऱ्या, असं झालं असणार. ‘ॲडव्होकेट’, ‘ॲकॅडमी’, ‘ॲग्रो’ असे जेवढे शब्द कंपन्यांच्या नावांत आहेत, त्या सगळ्यांची हीच रड.

आता दुरुस्ती. दहा-वीस नावं असतील तर सरळ हाताने कार्ड उघडून आडनाव पुसा आणि आज जो कीबोर्ड वापरता त्याने नव्याने टाइप करा. हजारातली दोनशे बिघडली असतील तर पुस्तक सीएसव्ही स्वरूपात (रकाने स्वल्पविरामांनी वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) बाहेर काढा, लिबरऑफिस कॅल्कमध्ये उघडा, उघडताना अक्षरसंच युटीएफ-८ निवडा. मग ‘शोधा आणि बदला’मध्ये वरच्या चौकटीत बिघडलेल्या नावातून कॉपी केलेला तेवढाच तुकडा टाका, खालच्या चौकटीत तुम्ही टाइप केलेला. ‘ऱ्ह’ एकदा, ‘ऱ्य’ एकदा, ‘ॲ’ दोनदा. झालं की जतन करून थंडरबर्डमध्ये आयात करा, पण जुन्या पुस्तकात नव्हे. नवं, रिकामं पुस्तक तयार करून त्यात. जुन्यातच ओतलं तर प्रत्येक माणूस दोनदा होईल आणि मग निस्तरत बसाल. जुनं पुस्तक आठवडाभर तसंच ठेवा. सीएसव्हीतून फोटो येत नाहीत आणि मेलिंग लिस्टही येत नाहीत, त्या हाताने पुन्हा कराव्या लागतील. मायबोलीचं हे काम एक्सेलमध्ये करायचा मोह होईल. करायचंच असेल तर जतन करताना ‘सीएसव्ही युटीएफ-८’ असाच प्रकार निवडा. नुसतं ‘सीएसव्ही’ निवडलं तर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं पडतात. ती नुसती दिसतात असं नाही, मूळ अक्षरं खरोखर गेलेली असतात आणि त्या फाइलमधून परत येत नाहीत.

माझी स्वतःची पद्धत याहून आळशी आहे. ज्यांना वारंवार मेल जातात अशांच्या कार्डात टोपणनावाच्या रकान्यात मी आडनाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत लिहून ठेवतो. टोपणनाव दोन्ही ठिकाणी शोधलं जातं, पुस्तकातही आणि मेल लिहितानाही. मेल लिहिताना बहुतेकांचा कीबोर्ड इंग्रजीवरच असतो. ‘टू’मध्ये नाव घालण्यासाठी भाषा बदलायची कोण तसदी घेतो?

याच घरातलं आणखी एक भूत. यादी फार जुनी असेल, युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमध्ये केलेली, तर त्यातली अक्षरं मुळात रोमनच असतात. त्या फॉन्टचा मुखवटा चढवला की मराठी दिसतात. एक्सेलमध्ये फॉन्ट असल्याने नावं नीट वाचता येतात. थंडरबर्डमध्ये आणली की कार्डावर कंसांचा आणि चिन्हांचा उकिरडा. तिथे शोध दुरुस्त करण्यात अर्थ नाही. यादी आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करा, मग आयात करा.

आता तिसरी तक्रार, काही नावं मेल लिहिताना सुचत नाहीत ती. पुस्तकाच्या खिडकीतला शोध आणि ‘टू’ची चौकट हे दोन वेगळे शोध आहेत हे बहुतेकांना ठाऊक नसतं. पुस्तकातला शोध कंपनी, विभाग, हुद्दा यांतही बघतो. ‘टू’ची चौकट बघते फक्त नाव, टोपणनाव आणि ईमेल पत्ता. ‘बँक’ असं लिहून बँकेचा माणूस येईल ही अपेक्षा तिथे ठेवू नका. नावातच ‘बँक’ असेल तर गोष्ट वेगळी. दुसरं, ज्या कार्डात ईमेल पत्ताच नाही, नुसता फोन आहे, ते कार्ड ‘टू’मध्ये कधीच येणार नाही. बरोबरच आहे, मेल पाठवायचा कुठे? फोनमधली यादी आणून ओतलेली असली की अशी कार्डं शेकड्यांनी असतात. तिसरं कारण ऐकून तुम्हाला हसू येईल. कार्यालयातले जुने लोक सवयीने ‘देशपांडे, माधव’ असं लिहितात. ‘टू’च्या चौकटीत स्वल्पविराम आला की थंडरबर्ड समजतं की तुम्ही अनेक पत्ते एकापाठोपाठ देताय आणि सुचवणं बंद करतं. स्वल्पविराम गाळून ‘देशपांडे माधव’ लिहा. शब्दांचा क्रम उलटा असला तरी चालतो.

सुचलेल्या नावांत वर कोण येणार हे तुम्ही कोणाला किती वेळा मेल केलंय यावर अवलंबून असतं. म्हणून बदली झालेल्या साहेबांचा जुना पत्ता वर्षानुवर्षं पहिला येत राहतो आणि मेल परत येत राहतात. जुना पत्ता बहुधा ‘कलेक्टेड ॲड्रेसेस’ नावाच्या पुस्तकात असतो. पाठवलेल्या मेलमधले पत्ते थंडरबर्ड तुम्हाला न विचारता तिथे गोळा करतं. तिथे जाऊन तो खोडा. मुख्य पुस्तकात दुरुस्ती करून भागत नाही, कारण चूक दुसऱ्या वहीत आहे.

वह्यांचा विषय निघालाच आहे तर एक साधी गोष्ट. पुस्तकाच्या खिडकीत डाव्या बाजूला जे पुस्तक निवडलेलं असेल त्यातच शोध होतो. सगळीकडे शोधायचं तर सगळ्यात वरचं ‘ऑल ॲड्रेस बुक्स’ निवडा. नव्याने तक्रार घेऊन येणाऱ्यांपैकी कित्येकांचं काम एवढ्या एका क्लिकमध्ये होतं, आणि मग ते जरा खजील होतात. व्हायचं कारण नाही, ती डावी पट्टी नजरेत भरतच नाही.

‘ऑल’मध्ये सगळं येतं असं मात्र नाही, आणि इथे तुमची चौथी तक्रार सुरू होते. मुख्य कार्यालयाने दिलेली डिरेक्टरी ही बहुधा एलडॅप सर्व्हर, म्हणजे नेटवर्कवरून विचारायची सामाईक नामावली, असणार. तिच्यातली नावं तुमच्या संगणकावर नसतात, दरवेळी विचारून आणावी लागतात. त्यामुळे ती निवडली की यादी रिकामी दिसणं हा बिघाड नाही. शोधाच्या चौकटीत काही लिहिल्याशिवाय तिथे काही उमटतच नाही. ‘ऑल’ निवडून शोधलं तर तिला विचारलंही जात नाही. तेव्हा डावीकडे तीच डिरेक्टरी निवडा, रोमन लिपीत एखाद्या सहकाऱ्याचं आडनाव लिहा. रोमनमध्येच, कारण अशा डिरेक्टऱ्यांत मराठी नावं कोणी भरत नाही.

तरीही काहीच आलं नाही तर मग खरी चौकशी. डिरेक्टरीच्या गुणधर्मांची खिडकी उघडा. सर्व्हरच्या नावाच्या जागी आयपी क्रमांक असेल आणि सुरक्षित जोडणीच्या चौकटीत टिकली (बरोबरची खूण) असेल तर तिथेच शंका घ्या. सर्व्हरचं सुरक्षा प्रमाणपत्र त्याच्या नावावर दिलेलं असतं. क्रमांकाने गेलात तर ते जुळत नाही आणि जोडणी निमूट तुटते, चूक पडद्यावर येतेच असं नाही. पोर्ट बघा. साधा ३८९, सुरक्षित ६३६. मायक्रोसॉफ्टची ॲक्टिव्ह डिरेक्टरी असून अनेक शाखांची डोमेन एकत्र असतील तर ग्लोबल कॅटलॉगचे ३२६८ आणि ३२६९. टिकली सुरक्षित जोडणीवर आणि पोर्ट ३८९, ही जोडी मी इतक्या वेळा पाहिली आहे की आता पहिली नजर तिकडेच जाते.

मग ‘बेस डीएन’, म्हणजे झाडाच्या कुठल्या फांदीपासून शोधायचं ते. एक अक्षर चुकलं तरी सर्व्हर ३२ क्रमांकाची चूक देतो, ‘अशी वस्तू नाही’. ‘बाइंड डीएन’ म्हणजे कुठल्या खात्याच्या नावाने सर्व्हरला विचारायचं ते; ती जागा मोकळी असेल तर निनावी शोध होतो; विंडोज सर्व्हर २००३ पासून ॲक्टिव्ह डिरेक्टरी असा शोध मुळातच नाकारते. खातं दिलंय आणि तरी ४९ क्रमांक येतोय, तर पासवर्ड. ॲक्टिव्ह डिरेक्टरी ४९ च्या पोटात आणखी एक खूण देते, ती ‘आयटी’वाल्यांना कळवली तर त्यांचे दोन तास वाचतात: ५२ई म्हणजे पासवर्ड चुकीचा, ५३२ म्हणजे मुदत संपली, ५३३ म्हणजे खातं बंद केलंय, ७७५ म्हणजे खात्याला कुलूप लागलंय. हे क्रमांक दिसत नसतील तर कंट्रोल, शिफ्ट आणि जे एकत्र दाबून एरर कन्सोल उघडा, तो स्वच्छ करा आणि मग शोध करून बघा.

पासवर्डाचं एक दुखणं लक्षात ठेवा. कार्यालयाच्या नियमाप्रमाणे तुम्ही पासवर्ड बदलता, मेलला नवा देता, पण डिरेक्टरीसाठी साठवलेला जुनाच राहतो. सेटिंग्जमध्ये ‘प्रायव्हसी अँड सिक्युरिटी’त साठवलेले पासवर्ड असतात, त्यात एलडॅपने सुरू होणारी ओळ शोधून काढून टाका, म्हणजे पुढच्या शोधाला तो नव्याने विचारेल. हे वेळीच केलं नाही तर जुना पासवर्ड पुन्हापुन्हा सर्व्हरवर आपटत राहतो आणि तुमच्याच खात्याला कुलूप लागू शकतं. मग लॉगिनही बंद, आणि कारण कोणाच्याच ध्यानात येत नाही.

डिरेक्टरीत शोध लागतोय, पण ‘टू’मध्ये ती नावं सुचत नाहीत, असं उरलं तर सेटिंग्जमध्ये ‘कंपोझिशन’खाली डिरेक्टरी सर्व्हरसमोर टिकली आहे का आणि यादीतून हीच डिरेक्टरी निवडली आहे का ते पाहा. प्रत्येक मेल खात्याला याची वेगळी निवडही देता येते. म्हणून एकाच संगणकावर एका खात्यातून नावं सुचतात आणि दुसऱ्यातून नाही, असा चमत्कार घडतो. आणि ‘देशमुख’ शोधल्यावर बरोबर १०० नावं येऊन थांबत असतील तर ती मर्यादा थंडरबर्डचीच आहे, गुणधर्मांच्या ‘ॲडव्हान्स्ड’ भागात. ती वाढवण्यापेक्षा मी पहिलं नाव जोडून शोधतो.

फाइल खरोखर बिघडण्याचा प्रकार मी मुद्दाम शेवटी ठेवला, कारण तो तुमचा नाही. पण ओळख असावी. २०२० च्या ७८ आवृत्तीपासून ॲड्रेस बुक एसक्यूलाइट नावाच्या छोट्या डेटाबेसच्या फाइलमध्ये असतं. त्याआधी ‘मॉर्क’ नावाचं जुनं स्वरूप होतं. मागे एका लेखापालांच्या कार्यालयात दोघांना एकच पुस्तक हवं म्हणून कोणीतरी अख्खं प्रोफाइल सामाईक नेटवर्क ड्राइव्हवर नेऊन ठेवलं होतं. कधी नावं गायब, कधी कालची भर आज नाही, कधी शोध लटकलेला. एसक्यूलाइट ज्या पद्धतीने नव्या नोंदी आधी शेजारच्या ‘वाल’ फाइलमध्ये लिहितं, ती पद्धत नेटवर्कवरच्या ड्राइव्हवर चालत नाही. हे त्यांच्या कागदपत्रांतच लिहिलंय. प्रोफाइल स्थानिक डिस्कवर आणलं आणि सामाईक पुस्तकासाठी कार्डडॅव्ह (पुस्तक सर्व्हरवर ठेवून अनेकांनी वापरायची पद्धत) जोडलं. थंडरबर्डमध्ये ती सोय ९१ आवृत्तीपासून अंगचीच आहे. त्या ‘वाल’ फाइलमुळेच आणखी एक खबरदारी: बॅकअप घेताना थंडरबर्ड पूर्ण बंद करा. चालू असताना फक्त मुख्य फाइल उचलली तर शेवटची भर मागेच राहते.

पुस्तक अख्खंच नाहीसं झालं असेल तर बहुधा थंडरबर्डने दुसरं प्रोफाइल उघडलेलं असतं. उबुंटू २४.०४ या लिनक्सवर तर हे सहज होऊ शकतं, कारण तिथे थंडरबर्ड स्नॅप नावाच्या पॅकेजमधून येतं आणि त्याचं फोल्डर वेगळ्या ठिकाणी असतं. जुन्या फोल्डरातली एसक्यूलाइट फाइल ‘टूल्स’मधल्या ‘इम्पोर्ट’ने थेट आत घेता येते.

तुम्ही उद्या सकाळी चहाच्या आधी ती कॉपी-पेस्टची चाचणी करा. कुऱ्हाडे सापडले की ‘ॲड.’ तीन रूपांत टाकून बघा आणि कुठल्या रूपात किती वकील निघाले ते लिहून ठेवा. यादी हाताने दुरुस्त करायची की सीएसव्हीतून, ते त्या आकड्यांवरच ठरवता येईल. एलडॅपमध्ये कुठला क्रमांक आला तेही कळवा, पण सर्व्हरचं नाव आणि पासवर्ड मला पाठवू नका.